जाड पात्यानं झुडपं कापली जात नाहीत

दिवाळी उलटली, सोयाबीनची रास झाली, की उदगीर-जळकोट-मुखेडच्या पट्ट्यात माळ आणि बांध साफ करायची घाई सुरू होते. तुकडा पडीक राहिला असेल तर वेडी बाभूळ, घाणेरी आणि कंबरभर वाळलेलं गवत यांची गर्दी झालेली असते. कुठल्या शाळेत, मंगल कार्यालयात नाहीतर शेतघरावर हिरवळीसाठी घेतलेलं लॉन मोवर पडून असतं, कुणाकडे बसून चालवायचा छोटा लॉन ट्रॅक्टरही असतो. मग सल्ला मिळतो: "त्याचं पातं लई पातळ हाय. कमानपाट्याचं जाड पातं बसवून घ्या, बाभळीबी उडतेत."

हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे आणि तो इतक्या खात्रीनं दिला जातो की आता त्याचा नीट समाचार घ्यायलाच हवा. असं पातं बसवल्यानं झुडूप कापलं जात नाही. यंत्र मोडतं, आणि मोडताना जवळ उभ्या असलेल्या माणसाला गाठतं.

या सल्ल्यामागचं गृहीत असं, की गवताचं यंत्र आणि झुडपांचं यंत्र यांत फरक फक्त पात्याच्या जाडीचा. तो तसा नाही. लॉन ट्रॅक्टरच्या डेकमधलं एकवीस इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८४ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर होतो. ट्रॅक्टरमागे पीटीओवर, म्हणजे इंजिनची शक्ती मागे देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा पाच फुटी स्लॅशर घ्या. त्याचा रोटर मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला ८० मीटर येतो. म्हणजे दोघांच्या पात्यांचा वेग जवळपास सारखाच, उलट स्लॅशरचा किंचित कमी. तरी स्लॅशर मनगटाएवढी बाभूळ तोडून पुढे जातो आणि लॉन ट्रॅक्टर अंगठ्याएवढ्या खुंटाला अडतो.

याचं उत्तर फिरत्या वस्तुमानात आहे. गवताची काडी हलकी आणि लवचीक. तिला कापायला वेग लागतो, ऊर्जा फारशी लागत नाही; वेग कमी पडला तर ती वाकते आणि पातं वरून निघून जातं. लाकडी खोड वाकत नाही. तिथे एका फटक्यात पुरेशी ऊर्जा ओतावी लागते. लॉनचं पातं ८०० ग्रॅमचं धरलं, तर वर सांगितलेल्या वेगाला त्यात साधारण ९३० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. स्लॅशरची दोन पाती प्रत्येकी सात किलोची धरली, तर त्यांच्यात सुमारे २३,००० ज्यूल असतात, आणि त्यात मधल्या जड चकतीचा हिशेब धरलेलाही नाही. हा पंचविसपट फरक आहे. लॉनचं पातं दुप्पट जाड केलंत तरी तुम्ही स्लॅशरच्या बाराव्या हिश्शापाशीच थांबता. हा हिशेब बारावीच्या पुस्तकातल्या सूत्रानं कुणालाही करता येतो. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानं तरी तो करून बघावा.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. स्लॅशरची पाती रोटरला घट्ट आवळलेली नसतात, ती जाड बोल्टवर लोंबकळत असतात. फिरताना ती ताणून बाहेर येतात, आणि दगड किंवा खुंट लागला की मागे दुमडतात. मधली चकती खालून बशीसारखी गोलसर असते, त्यामुळे रोटर खुंटावर आदळण्याऐवजी वरून घसरून जातो. त्यावर गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्या आधी शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच. फटका प्रमाणाबाहेर गेला तर काही रुपयांचा बोल्ट तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. लॉन मोवरचं पातं मात्र सरळ आवळलेलं असतं. हातानं ढकलायच्या मोवरमध्ये तर ते थेट इंजिनच्या उभ्या क्रँकशाफ्टवरच बसवलेलं असतं. खुंट लागला की फटका थेट शाफ्टला. मूळ पातं हलकं असल्यानं तो फटका निभावून जाण्याची शक्यता तरी असते. तुम्ही पातं दुप्पट जड केलंत म्हणजे शाफ्टला बसणारा तोच फटका दुप्पट केलात. शाफ्ट वाकला की इंजिन गेलं.

लॉन ट्रॅक्टरवाले इथे हटकून सांगतात, "आमच्यात मधे बेल्ट हाय, तो घसरतो, काही होत नाही." बेल्ट घसरतो हे खरं, आणि खुंट लागल्यावर तो घसरलाच पाहिजे, ती त्या यंत्राची एकमेव सुरक्षा आहे. पण जड पातं लावल्यावर बेल्ट सुरुवातीलाच घसरायला लागतो, म्हणून तो आवळला जातो किंवा जाड टाकला जातो. ती सुरक्षाही मग गेली. त्यानंतर वाकतो तो स्पिंडल, फुटतात ती बेअरिंगची घरं, आणि दोन-अडीच मिलिमीटर पत्र्याचा डेक स्पिंडलच्या बुडाशी चिरतो.

आता कमानपाट्याविषयी. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद उत्तम असतं. आपल्याकडचे लोहार त्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. त्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण कोयता माणसाच्या हातात असतो, ताशी ३०० किलोमीटरनं फिरत नाही. कमानपाट्याला कारखान्यात ठरावीक पाणी दिलेलं असतं. गॅसनं कापताना, भोक पाडताना, वेल्डिंग करताना ते पाणी त्या त्या जागी उतरतं किंवा भलतंच चढतं. जिथे चढतं तिथे पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं आणि डोळ्याला न दिसणारी चीर तिथून सुरू होते. म्हणूनच मोवर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत स्पष्ट सांगतात, की वाकलेलं पातं सरळ करू नका, तुटलेलं वेल्ड करू नका, बदला.

अशा पात्याचा फक्त १०० ग्रॅमचा तुकडा टोकाकडून सुटला, तर त्यात सुमारे ३५० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचा दगड बाराव्या मजल्यावरून खाली पडावा, तेवढी. पातळ पत्र्याचा डेक त्याला अडवेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कारखान्यातून येणाऱ्या मोवरची चाचणी घेताना चालत्या पात्यात पोलादी गोळ्या सोडतात आणि त्या कुठवर, किती जोरानं उडतात ते तपासतात. ती चाचणी त्या यंत्राच्या मूळ पात्याची असते. तुमच्या गॅरेजमधल्या पात्याची चाचणी तुमचा गडी स्वतःच्या पिंढरीवर घेतो.

तोल हा आणखी एक मुद्दा, ज्याकडे कुणीच बघत नाही. घरगुती पात्याच्या दोन टोकांत दहा ग्रॅमचा फरक राहणं अगदी सहज शक्य आहे. ३,००० फेऱ्यांना ते दहा ग्रॅम स्पिंडलला सुमारे २७ किलोच्या जोरानं बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते. नटबोल्ट सैल होतात ते यामुळे, आणि चालवणाऱ्याचे हात संध्याकाळी बधिर होतात तेही यामुळे.

ज्यांना हे सगळं कागदी वाटतं त्यांच्यासाठी दोन आधार. अमेरिकेच्या लॉन मोवरविषयक सुरक्षा मानकात, एएनएसआय बी ७१.१ मध्ये, पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांवर, म्हणजे सेकंदाला ९६ मीटरच्या आसपास बांधून दिला आहे. आणि तिथे १९८२ पासून ढकलायच्या मोवरना नियम आहे, की दांडीवरची मूठ सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. तिथला ब्रेक मूळ पात्याच्या वजनावर बेतलेला असतो. दुप्पट जड पातं तेवढ्यात थांबणार नाही, आणि मूठ सोडून अडकलेलं गवत काढायला हात घालणाऱ्याला ते कळणारही नाही.

एवढं होऊन समजा पातं टिकलं, तरी झुडूप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लॉनच्या डेकची पुढची कड जमिनीलगत उतरलेली असते, ती झुडपाला ढकलून आडवं करते. पात्याच्या मागच्या कडेचे उचललेले पंख वारा वर खेचून गवत उभं करतात. बाभळीच्या फांदीला त्या वाऱ्याचा काही उपयोग नाही. स्लॅशर पुढून उघडा असतो आणि तिथे साखळ्यांचा पडदा असतो, तो याचसाठी. शिवाय लॉन ट्रॅक्टरचे टायर हिरवळीवर रेघ उमटू नये म्हणून मऊ आणि पातळ केलेले. बाभळीच्या काट्यापुढे नि तुरीच्या धसकटापुढे ते दुपारपर्यंतही टिकत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तर वाळलेलं गवत गरम सायलेन्सरपाशी आणि इंजिनच्या पंखांत साचतं, आणि तिथून पेट घेतं.

मग त्या यंत्राचं करायचं काय? मूळ पात्याला धार लावा, डेक सर्वांत वर उचला, निम्म्या रुंदीनं कापा, आणि गवत व मऊ दांड्याच्या तणापुरतं वापरा. त्याआधी लाकडी असेल ते कोयत्यानं, कुऱ्हाडीनं काढून घ्या आणि दगड वेचा. आपल्या मुरमाड माळावर दगड वेचणं हे निम्मं काम आहे. क्षेत्र एकराच्या वर असेल तर ३५ ते ४५ एचपीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून स्लॅशर किंवा मल्चर भाड्यानं लावा. मोडलेल्या इंजिनच्या खर्चापुढे ते भाडं थोडंच ठरतं.

बाकीचे गैरसमज आटोपशीर.

"ब्रश कटरला नायलॉन दोरीऐवजी लोखंडी तार नाहीतर साखळी लावली की झुडपं निघतात." हे कधीही करू नका. ब्रिटनमध्ये अशा साखळीची कडी सुटून माणूस दगावला, आणि २०१२ मध्ये युरोपीय आयोगानं हातातल्या ब्रश कटरसाठीच्या एकमेकांत अडकवलेल्या धातूच्या तुकड्यांच्या झोडण्या बाजारात आणायला बंदी केली. जाड खोडाला दातेरी गोल पातं मिळतं, कंपनीनं त्या मॉडेलला चालेल असं लिहिलेलंच घ्या. खोड पात्याच्या पुढच्या उजव्या भागानं कापू नका, तिथे यंत्र झटका देऊन उसळतं. पंधरा मीटरच्या आत दुसरं कुणी नको.

"एकदा बुडातून कापली की बाभूळ संपली." नाही. वेडी बाभूळ जमिनीवर कापली की त्या खुंटातून एकाच्या जागी पाच-सहा फोक फुटतात. मुळाचा गड्डा जमिनीखाली वीतभर खोल जाऊन काढावा लागतो. घाणेरीचंही तेच, तिचं सोटमूळ मातीच्या जरा खाली तोडून झुडूप उलटं ठेवायची पद्धत दिल्लीचे शास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रुजवली आहे. बाभळीच्या शेंगा गुरं आवडीनं खातात आणि बी शेणातून न पचता पडतं, म्हणून शेंगा पिकण्याआधी कापणी करा, नाहीतर तुमची देवणी गायच पुढच्या वर्षीची बाभूळ पेरते.

"गाजर गवत कधीही कापलं तरी चालतं." फुलावर आल्यावर कापलंत तर हजारोंनी बी तुम्हीच पसरवता. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण देशभर पोचलं ते बियांवरच. शिवाय त्याच्या परागानं खाज आणि दमा उठतो, म्हणून फुलाआधी, ओलीत, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून उपटा.

"रोटाव्हेटर फिरवला की झुडपांचं खत होतं." रोटाव्हेटर मातीसाठी आहे. फांद्या त्याच्या रोटरला गुंडाळतात, आणि मुळांचे तुकडे शेतभर पसरतात.

"आधी यंत्र घेऊ, अनुदानाचा अर्ज मागून करू." महाडीबीटीवर अर्ज, निवड आणि पूर्वसंमती झाल्यावरच खरेदी. आधीच्या पावतीवर अनुदान मिळत नाही.

शेवटचा गैरसमज छोटा वाटतो, पण त्यानं माणसं जातात: "पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर अडचण करतं, काढून टाका." ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. जोडाचा व्यास दहा सेंटिमीटर धरला तर तो सेकंदाला २.८ मीटर कापड गुंडाळतो. धोतराचा सोगा किंवा पदर अडकला, तर आठ मीटरचं अख्खं नऊवारी तीन सेकंदांत आत जातं, आणि त्या तीन सेकंदांत ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मागे वळूनही बघत नाही. म्हणून स्लॅशर भाड्यानं आला की भाव ठरवण्याआधी यंत्राभोवती एक फेरी मारा. शाफ्टला कव्हर आहे का, पुढे-मागे साखळ्या पूर्ण आहेत का, पाती हातानं मागे दुमडतात का, आणि शिअर बोल्टच्या जागी कुणी साधा जाड बोल्ट ठोकला आहे का, हे बघा. यातलं एकही चुकीचं निघालं तर ते यंत्र शेतात शिरू देऊ नका.