सरवा वेचणारीचे गाव

आज नाताळ. ज्या बेथलेहेम गावी येशू ख्रिस्ताचा जन्म झाला, त्या गावाची एक कथा बायबलच्या जुन्या करारात आहे. रूथ नावाची एक परदेशी विधवा आपल्या वृद्ध सासूची साथ न सोडता तेथे आली. सातूची कापणी चालू होती. घरात अन्न नव्हते, म्हणून ती बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागली.

ती भिक्षा नव्हती. मोशेच्या नियमशास्त्राचा दंडकच होता, की शेताचे कानेकोपरे झाडून कापू नयेत आणि खाली पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबांची व परदेशीयांची होत. बवाजाने एक पाऊल पुढे टाकले. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्यावीत आणि त्या स्त्रीला कोणी दरडावू नये, असे त्याने आपल्या गड्यांस बजावले. धान्य तर तिला मिळालेच, पण ते आपल्या श्रमाने मिळविल्याचा अभिमानही शाबूत राहिला. हीच रूथ पुढे दावीद राजाची पणजी झाली आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आदराने नोंदले गेले.

दान हे उपकार नसून न्याय आहे, ही दृष्टी येशूला या परंपरेतूनच लाभली. यरुशलेमच्या मंदिरात धनिक मोठमोठ्या रकमा टाकीत असता एका गरीब विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली. तिचेच दान सर्वांत मोठे, असे येशूने शिष्यांस सांगितले. कारण इतरांनी शिलकीतून दिले, तिने उपजीविकाच दिली. दान करताना उजव्या हाताचे कृत्य डाव्या हातासही कळू नये, ही त्याची शिकवण तर आपल्या गुप्तदानाच्या कल्पनेशी किती जुळते!

चौथ्या शतकातील मायरा नगरीचे धर्माध्यक्ष संत निकोलस यांची आख्यायिका याच शिकवणीचे उदाहरण होय. तीन मुलींच्या विवाहास हुंडा नसल्याने हताश झालेल्या एका पित्याच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, असे सांगतात. याच निकोलसाच्या नावावरून पुढे ‘सांता क्लॉज’ हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास पंडिता रमाबाईंचे स्मरण अपरिहार्य ठरते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा केडगाव येथे आणल्या. केवळ अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. मुक्ती सदनात शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, छपाई असे उद्योग शिकविले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. धर्मांतरामुळे रमाबाईंवर समाजात कठोर टीका झाली. परंतु निराश्रित स्त्रीच्या हाती भाकरीबरोबर स्वावलंबन देण्याचे त्यांचे कार्य टीकाकारांसही नाकारता आले नाही.

सणासुदीस आपणही देतो. पण कपाटातील अडगळ दूर करण्यासाठी दिलेले जुने वस्त्र आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून मुद्दाम गळू दिलेले कणीस, यांत फार मोठे अंतर आहे. दात्याने किती दिले, एवढेच पाहून भागत नाही. घेणारा ताठ मानेने घरी परतला की नाही, हेही पाहावे लागते. बेथलेहेमच्या त्या शेताने शिकविलेला हा धडा कोणत्याही धर्माच्या घरात, कोणत्याही सणाच्या दिवशी, गिरविण्याजोगा आहे.