सॅम्पलिंग : सिलॅबसबाहेरचं!

सॅम्पलिंग म्हटलं की आपल्याला आधी नायक्विस्ट आठवतो आणि मग व्हायवा! पण संगीतात सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून त्यावर नवं गाणं उभं करणं. 1997 मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकन रॅपरच्या अल्बममध्ये असाच एक तुकडा आला. मूळ गाणं 1976 चं, 'स्पेस टॉक'. आणि गायिका चक्क आपल्या मुंबईची, आशा पुथली!

त्यांचा जन्म 1945 चा. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा, दोन्ही त्या शिकल्या. जॅझची गोडी लावली रेडिओने. पुढे मार्था ग्रॅहम यांच्याकडे नृत्य शिकायची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या न्यूयॉर्कला पोचल्या. तिथे बिली हॉलिडे, बॉब डिलन यांना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरलं आणि ऑर्नेट कोलमन यांच्याकडे पाठवलं.

हे प्रकरण सोपं नव्हतं. एरवी जॅझमध्ये पियानो किंवा गिटारवर ठरलेले कॉर्ड्स वाजतात, गायक त्यांच्या आधाराने चालतो. कोलमन यांनी तो आधारच काढून टाकला होता! म्हणजे कठडा नसलेला जिना. पण आलापात तरी कॉर्ड्स कुठे असतात? सूर धरायचा आणि तिथल्या तिथे वाट काढायची. 1971 मध्ये 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी त्यांनी दोन गाणी गायली. जॅझवाले ती आजही आवर्जून ऐकतात.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. 1973 मध्ये पहिला सोलो अल्बम, तोही पॉप आणि सोल वळणाचा. मग 1976 मध्ये 'द डेव्हिल इज लूज', ज्यात डिस्कोचा ठेका आहे आणि हलका, कुजबुजता आवाज. 'स्पेस टॉक' त्यातलंच.

आता प्रश्न असा की यांना ठेवायचं कुठल्या खणात? जॅझ, पॉप की डिस्को? खण ठरला नाही की माणूस विसरला जातो, आणि आपल्याकडे नेमकं तेच झालं. पण एकाच ब्रँचमध्ये न मावणारी माणसंच दोन ब्रँचमधला पूल बांधतात ना?

रूममध्ये स्पीकर असेल तर आधी 'स्पेस टॉक' लावा, मग लगेच 'ऑल माय लाइफ'. आवाज एकच आहे, यावर पार्टनरशी पैज लावायला हरकत नाही!