पांढरा धूर कुठून येतो?

(जुनी येझदी, नवे हात : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात इंजिन चासीतून उतरवून टेबलावर ठेवलं आणि लेख तिथंच थांबला. या आठवड्यात ते उघडायचं. या गाडीचं खरं दुखणं इथंच आहे, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

वडिलांनी 1978 साली घेतलेली ही येझदी दोन वर्षांपूर्वी मी एका गॅरेजात दिली होती. तिथं 'हाफ इंजिन' करून मिळालं. म्हणजे बोअर मारलं, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, वरचं पॅकिंग बदललं. गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि गल्ली पांढऱ्या धुरानं भरून गेली. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त पडतंय, असं मला सांगण्यात आलं. मी ऑइल कमी केलं. धूर काही कमी झाला नाही, उलट अपुऱ्या ऑइलवर फिरवल्यामुळे नव्या पिस्टनवर उभे ओरखडे पडले. नवशिक्यानं पहिला धडा इथून घ्यावा: धूर नक्की कशाचा, हे कळल्याशिवाय ऑइलच्या मापाला हात लावू नये.

येझदीचं इंजिन दिसायला फसवं आहे. दोन बाजूंना दोन सायलेन्सर असल्यामुळे पुष्कळांना ते दोन सिलिंडरचं वाटतं. सिलिंडर एकच आहे, व्यास 65 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. हिशेब जवळजवळ 249 घन सेंटिमीटरचा येतो. धूर बाहेर पडायला मात्र त्याला दोन वाटा दिल्या आहेत. ही रचना मूळची चेक जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961पासून जावा बनत होत्या, 1973पासून त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आलं, आणि 1996 साली कारखाना बंद झाला. सुट्या भागांसाठी आपल्याला जुन्या बाजारात का फिरावं लागतं, त्याचं कारण हे शेवटचं वर्ष.

आता धुराकडे येऊ. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन कामं करतो. डोक्यावर स्फोट झेलतो, आणि पायाखाली भाता चालवतो. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. फोर-स्ट्रोकच्या खालच्या पेटीत नुसतं ऑइल साठलेलं असतं; टू-स्ट्रोकमध्ये ती पेटीच पंप असते. भात्याच्या चामड्याला भोक पडलं तर लोहार कितीही जोर लावो, निखारा फुलत नाही. इथं त्या चामड्याचं काम करतात क्रँकच्या दोन टोकांना बसवलेले दोन ऑइल सील. रबराच्या या दोन कड्या गाडीतल्या सगळ्यांत स्वस्त भागांपैकी आहेत.

डाव्या टोकाला क्लच आहे, आणि क्लच गिअर ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिकडचा सील गेला की भाता दर फेरीला थोडं गिअर ऑइल ओढून घेतो. ते जळतं, आणि दाट पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. उजव्या टोकाला डायनॅमो असतो. तिकडचा सील गेला तर ऑइलऐवजी हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, गाडी मोकळी सोडली तरी स्वतःहून वेग धरते, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन पकडतो. डावी बाजू धूर करून ओरडते तरी. उजवी गुपचूप इंजिन मारते. म्हणून मला उजव्या सीलची भीती जास्त वाटते. तपासायला सोपी खूण सांगतो: गाडीखाली फरशीवर थेंब नाही, तरीही गिअर ऑइलची पातळी महिन्याभरात उतरली, तर डावा सील गेला असं समजावं.

हे दोन्ही सील 'हाफ इंजिन'च्या कामात कधीच बदलले जात नाहीत. ते खालच्या अर्ध्यात असतात.

खालचा अर्धा उघडताना घाई करू नका. केसचे चपट्या खाचेचे स्क्रू वर्षानुवर्षं घट्ट बसलेले असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं खाच झिजते, म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. क्लच आणि डायनॅमोचा रोटर पुलरनंच काढावा. केसचे दोन अर्धे सुटत नसतील तर हॉट एअर गननं गरम करून लाकडी हातोड्यानं चोहीकडून हलकं ठोकत राहावं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून पाचर मारायचा मोह होतो. माझ्या केसच्या कडेला तशाच पाचरेचा खोल ओरखडा होता, आधी कुणाच्या तरी हातून झालेला. तेव्हा मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

डावा सील हातात आला तो वाळक्या चिंचेच्या टरफलासारखा. दाबला तर मोडला. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबराची ओठासारखी कड क्रँकला चिकटून कडक होते. नवे सील घेताना व्हायटनचे घ्यावेत, कारण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या जातीचं रबर ते फार काळ सोसत नाही. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे असावी, दाब त्या बाजूनं येतो.

केस उघडलीच आहे तर क्रँक तपासल्याशिवाय मिटू नये. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढून पाहा. त्या दिशेनं जरासाही खेळ असेल तर पिन आणि बेअरिंग बदलायचं. आडव्या दिशेचा थोडा खेळ मूळचाच असतो, त्याला घाबरू नका. येझदीचा क्रँक दाब देऊन जोडलेला असतो, त्यामुळे पिन बदलल्यावर तो पुन्हा सरळ करावा लागतो, आणि ते काम घरी होत नाही. मी कोल्हापुरात राहतो हे माझं भाग्य. शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले हात आजही आहेत. क्रँक दोन टोकांवर ठेवून, डायल गेज लावून, तांब्याच्या हातोड्याचे मोजके ठोके देत त्यांतलेच एक चाचा तो सरळ करत होते. काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मग मी सिलिंडर पुढे केला आणि म्हणालो, "पुढच्या साइजला बोअर मारा."

"पिस्टन कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नंतर घेतो की, चाचा."

"आधी पिस्टन आणा, सर. पिस्टनच्या मापानं बोअर होतंय, बोअरच्या मापानं पिस्टन न्हाई."

पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात, 65.25, 65.50 असे. पण डब्यावरचं माप आणि आतला पिस्टन यांत फरक असू शकतो, विशेषतः कंपनी बंद झाल्यानंतर बाजारात आलेल्या मालात. चाचांनी मायक्रोमीटर पिस्टनच्या तळाशी, पिनच्या काटकोनात लावला, आकडा सिलिंडरवर खडूनं लिहिला आणि त्यावर मोकळीक धरून बोअर केलं. नंतर आतल्या सगळ्या पोर्टांच्या कडा बारीक कानसून गोल केल्या. हे शेवटचं काम पुष्कळ ठिकाणी राहून जातं. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात, त्यांत रिंग अडकते आणि तुटते. सिलिंडर घरी आणल्यावर आत बोट फिरवून ही कड नक्की पाहा.

माझी लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या गाडीत तिचा निम्मा वाटा आहे. तिला खाली झुकलेला हँडल, एकट्याची सीट आणि आखूड मागचा मडगार्ड हवा आहे. "बाबा, मागची चासी चार इंच कापली की झालं," ती म्हणते. मी नाही म्हणालो, आणि कारणही सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तरच. आमची गाडी 2028मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर ग्राइंडर तिच्या चासीला लागू द्यायचा नाही. सीट मूळच्या भोकांत बोल्टनं बसेल, मूळ मडगार्ड आणि हँडल तेल लावून माळ्यावर राहतील. गाडी आमच्या आवडीची करायची, पण आजोबांची गाडी कधीही परत उभी करता येईल अशी. लेकीनं दोन दिवस विचार केला आणि सीटचं चित्र नव्यानं काढलं. पहिल्यापेक्षा ते चांगलं आहे.

इंजिन जोडलं. पिस्टनवरचा बाण समोर, सायलेन्सरकडे. रिंगांची तोंडं खाचेतल्या खुंट्यांवर नीट बसली आहेत ना, हे सिलिंडर खाली सरकवताना बोटानं चाचपायचं.

आणि आता चाचणी, जी मी दोन वर्षांपूर्वी करून घेतली असती तर एक पिस्टन वाचला असता. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि पोकळ बुडाला नळी बसवली. कार्बोरेटरचं तोंड आणि दोन्ही सायलेन्सरची तोंडं रबर लावून पत्र्यानं बंद केली. पिस्टन तळाशी आणला, म्हणजे बाजूच्या वाटा उघड्या राहून हवा वरखाली सगळीकडे पोहोचते. हवा भरायला आजोबांच्या रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल. पाऱ्याचे 250 ते 300 मिलिमीटर म्हणजे साधारण पाच-सहा पीएसआय, टू-स्ट्रोकची केस तपासायला नेमका हवा तेवढा दाब.

काटा 260वर चढला आणि डोळ्यांदेखत उतरू लागला. लेकीनं साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावलं. दोन्ही सील कोरडे, सिलिंडरचा पाया कोरडा. केसच्या जोडावर, त्या जुन्या ओरखड्याच्या जागी, बुडबुड्यांची बारीक रांग उठली.

इंजिन पुन्हा उघडलं. केस उद्यमनगरात नेली, ओरखडा आर्गन वेल्डिंगनं भरून कड सपाट करून घेतली. नवं पॅकिंग, नवे सील, कारण काढलेला सील पुन्हा बसवायचा नसतो. आठवडा गेला.

काल संध्याकाळी पुन्हा फुगा दाबला. काटा 260वर गेला. लेक मोबाइलवर वेळ लावून टेबलाशी बसली, मी दाराशी उभा राहिलो. सहा मिनिटं झाली तेव्हा काटा 255वर होता. तिनं नळी काढली नाही, आणखी चार मिनिटं बसून राहिली.

(पुढील आठवड्यात : सहा व्होल्टचं वायरिंग)