शून्याच्या आधीची सरळ रेघ

अतिसंवाहकांचा विषय निघाला की सगळे शून्याबद्दल बोलतात. ठरावीक तापमानाखाली विजेला होणारा रोध पार नाहीसा होतो, हे नवल आहेच. पण तांब्याच्या ऑक्साइडांनी भौतिकशास्त्रज्ञांना खरं छळलं ते शून्यावर येण्याआधीच्या रोधाने.

1986 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना लँथॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडात 30 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची चिन्हं दिसली. वर्षभरात इट्रियमच्या संयुगाने 93 केल्विन गाठलं. द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, म्हणजे महागड्या हेलियमवाचून काम भागू लागलं.

रोध मोजायचा कसा? काळ्या, ठिसूळ तुकड्यावर चांदीच्या पेस्टने चार बारीक तारा चिकटवतात. कडेच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि मधल्या दोन तारांमधला व्होल्टेज वाचायचा. दोनच तारांवर भागवलं तर जोडांचा रोधही मोजला जातो आणि पदार्थाचं शून्य त्याखाली झाकलं जातं. मग हळूहळू थंड करत आलेख काढायचा.

गंमत या आलेखात आहे. शुद्ध लँथॅनम-तांबे ऑक्साइड हा चक्क विद्युतरोधक. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की कुणी जागचा हलत नाही. लँथॅनमच्या जागी थोडं स्ट्राँशियम घातलं की वाट मोकळी होते. प्रमाण नेमकं साधलं, तर सुमारे 40 केल्विनपासून जवळपास 1000 केल्विनपर्यंत रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. इतक्या रोधाला इलेक्ट्रॉनची दोन टकरींमधली धाव अणूंमधल्या अंतराएवढी तोकडी ठरते, आणि तिथे आलेख वाकायला हवा. तो वाकत नाही! म्हणजे इलेक्ट्रॉन हा स्वतंत्र धावणारा कण, हे आपलं गृहीतकच इथे लंगडं पडतं.

दिशेचा प्रकार तर आणखी वेगळा. हे स्फटिक खारीच्या पापुद्र्यांसारखे थरांचे. बिस्मथच्या संयुगात थर ओलांडून जाणारा प्रवाह थरांच्या आत वाहणाऱ्या प्रवाहापेक्षा दहा हजारपटींहून अधिक अडतो.

1957 चा बार्डीन, कूपर, श्रीफर यांचा अतिसंवाहकतेचा सिद्धांत पाऱ्या-शिशाला पुरला. या ऑक्साइडांना जसाच्या तसा पुरत नाही. अभियंते मात्र सिद्धांतासाठी खोळंबले नाहीत. 2021 मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये याच कुळातल्या फितींच्या चुंबकाने 20 टेस्ला क्षेत्र दिलं. पण त्या सरळ रेघेचं सर्वांना पटेल असं स्पष्टीकरण अजून कुणीही दिलेलं नाही.