‘ऑटोमॅटिकचं ऑइल’ मागू नका

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सांगलीहून साताऱ्याला जायचं म्हणजे आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड असा सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं क्लच दाबून दाबून पाय भरून येतो. आमच्या सौ.च्या गुडघ्यांनी क्लच दाबायला साफ नकार दिला आणि लेक तर साताऱ्यात दिलेली. म्हणून आम्ही एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली ऑटोमॅटिक गाडी घेतली. मी तीस वर्षं पोरांना यंत्रं शिकवून निवृत्त झालेला माणूस. तरीही त्या गाडीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. चूक अवघ्या तीन शब्दांची होती.

सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजमधल्या पोरानं विचारलं, “सर, गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं का?” मी म्हणालो, “बदल. ऑटोमॅटिकचं ऑइल घाल.” त्यानं दुकानातून लाल रंगाचं ऑइल आणलं. डब्यावर ‘ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड’ असं छापलेलं होतं. मागितलं तेच त्यानं आणलं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी नातवंडांना घेऊन आम्ही साताऱ्याहून कासला निघालो. यवतेश्वरचा घाट अर्धा चढून झाला आणि गाडी थरथरू लागली. इंजिनाचा आवाज चढत होता, पण गाडी पुढं सरकेना. मागं एस.टी., एका बाजूला दरी, मागच्या सीटवर पोरं. कशीबशी गाडी कडेला घेतली. थोडी थंड झाल्यावर हळूहळू खाली आणली.

साताऱ्यातल्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी पावती मागितली. ती वाचून ते म्हणाले, “सर, ही सीव्हीटी आहे. हिला हे ऑइल चालत नाही.” मग त्यांनी गाडीचं पुस्तक मागितलं. ते आमच्या घरी कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं.

आता ही सीव्हीटी म्हणजे काय? तुमच्याआमच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व आहे. १९८०च्या दशकात आलेली कायनेटिक होंडा अनेकांना आठवत असेल. दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की आत बसतो. त्यामुळं पायऱ्यापायऱ्यांचे गिअर लागत नाहीत, वेग सलग बदलत जातो. मोटारीत ही कल्पना हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ साली आणली. त्यात रबरी पट्टे होते. पुढं शेकडो पोलादी चकत्या ओवलेला पट्टा तयार झाला आणि १९८७ पासून तो गाड्यांत येऊ लागला. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी पोलादी साखळी असते.

स्कूटरमधला रबरी पट्टा कोरडा फिरतो. मोटारीतला पोलादी पट्टा मात्र तेलात फिरतो. सगळी गोम इथंच आहे.

पिठाच्या चक्कीचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. त्यावर तेलाचे चार थेंब सांडले की तो घसरतो आणि चक्कीवाला त्याला राळ लावतो. तेल घसरवतं, राळ धरून ठेवते, हे आपल्याला ठाऊक आहे. सीव्हीटीच्या तेलाकडून मात्र दोन्ही कामांची अपेक्षा असते. बेअरिंगा आणि दाते झिजू नयेत म्हणून त्यानं वंगण व्हायचं. पट्टा आणि पुली प्रचंड दाबानं एकमेकांवर टेकतात, तिथं मात्र पोलादानं पोलादाला घट्ट धरावं, घसरू देऊ नये. शिवाय याच तेलाच्या दाबानं पुल्या मागंपुढं सरकतात, उष्णता वाहून नेली जाते आणि आतला क्लच धक्का न देता लागतो. म्हणून त्यात घातलेली रसायनं वेगळी असतात आणि पातळपणाही मोजून ठरवलेला असतो.

नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल त्यातल्या क्लचच्या चकत्या अलगद लागाव्यात म्हणून बनवलेलं असतं. पोलादी पट्ट्याला ते हवी तेवढी पकड देत नाही. पट्टा किंचित घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, त्या ओरखड्यांनी पट्टा झिजतो आणि झिजेची पूड तेलात मिसळून सगळीकडे फिरते. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. भरल्या गाडीनिशी घाट चढताना कळतं.

मग बाहेरच्या कंपनीचं तेल घ्यायचंच नाही का? तसं मुळीच नाही. पण दुकानाच्या काउंटरवर जाण्याआधी घरी तीन गोष्टी पाहा.

पहिली, आपली ऑटोमॅटिक नेमकी कुठल्या जातीची? नुसत्या गाडीच्या नावावरून हे कळत नाही. होंडा सिटीचंच पाहा. २००३ नंतरच्या पिढीत सीव्हीटी होती, २००८ साली आलेल्या पिढीत पाच गिअरची नेहमीची ऑटोमॅटिक, २०१४ मध्ये पुन्हा सीव्हीटी. बलेनोची ऑटोमॅटिक २०१५ पासून सीव्हीटी होती, २०२२ मध्ये तिच्या जागी एएमटी आली, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. तिचं तेल आणखी निराळं. हायब्रीड गाड्यांतल्या ‘ई-सीव्हीटी’च्या नावात सीव्हीटी आहे, पण आत असा पट्टा नसतो. तिला सीव्हीटीचं तेल घालू नये. पुस्तकात जे लिहिलं असेल तेच घालावं.

दुसरी, पुस्तकातलं तेलाचं नाव. ‘सीव्हीटी ऑइल’ एवढंही पुरत नाही. होंडाच्या जुन्या सीव्हीटींना एचएमएमएफ, नंतरच्यांना एचसीएफ-२. निस्सानचं एनएस-२ वेगळं आणि एनएस-३ वेगळं. टोयोटाचं टीसी आणि एफई असंच. कंपनी एकच असली तरी ही तेलं एकमेकांच्या जागी घालायची नसतात. रंगावर तर अजिबात जाऊ नका. तेलाचा लाल, हिरवा किंवा निळा रंग हा वरून घातलेला रंग असतो. त्यावरून गुण कळत नाही.

तिसरी, डब्यावरचे शब्द. इंजिन ऑइलच्या डब्यावर सर्वमान्य दर्जाची खूण असते. सीव्हीटीच्या तेलाला सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एकच दर्जा नाही. प्रत्येक कंपनीचा आपापला. म्हणून बाहेरच्या तेलाच्या डब्यावर दहा-पंधरा नावांची यादी दिसते. गाडीच्या कंपनीनं ‘मान्यता दिली’ असं लिहिलेलं असेल, तर तिनं ते तेल तपासलेलं असतं. ‘योग्य आहे’ किंवा ‘वापरता येईल’ असं असेल, तर तो तेलवाल्याचा स्वतःचा शब्द असतो. नामांकित कंपनीचा शब्द बहुधा खरा असतो, पण तो कुणाचा शब्द आहे ते आपल्याला माहीत हवं. यादीत आपल्या तेलाचं नाव अक्षर न् अक्षर असलं पाहिजे. ‘सर्व सीव्हीटींसाठी’ एवढंच लिहिलेला डबा मी परत ठेवतो.

हमीची मुदत चालू असेल तर माझा सल्ला साधा आहे: कंपनीचंच तेल घाला. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करता येणार नाही, चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर पुढं अपिलं झाली. पण तुमचा गिअरबॉक्स बिघडला आणि आत भलतंच तेल सापडलं, तर वाद घालायला आपल्या हातात काही उरत नाही. हमी संपल्यावर बाहेरचं तेल खुशाल घ्या, मात्र सील तपासून आणि पक्की पावती घेऊन.

तेल बदलण्याविषयीही थोडं सांगतो. खालचा बोल्ट काढला की सगळं तेल बाहेर येत नाही. बरंचसं आतच राहतं. म्हणून निघालेलं तेल मापून घ्यायला सांगा आणि सुरुवातीला तेवढंच घाला. पातळी पुस्तकात दिलेल्या तापमानालाच तपासायची असते, कारण तेल तापलं की फुगतं. चुंबकावर बारीक करडा लगदा दिसला तर घाबरू नका. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर मात्र प्रकरण तेलाच्या पलीकडं गेलं असं समजा. झिजलेला पट्टा कुठल्याही नव्या तेलानं बरा होत नाही. निघालेलं तेल गटारात ओतू देऊ नका. आपल्याकडची गटारं शेवटी कृष्णेलाच मिळतात.

सांगलीकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी चालू करून पाहण्याचा मोह टाळा. हवा जाण्याच्या नळीतून गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. गाडी उचलून न्या आणि आधी तेल तपासून घ्या.

आमच्या गाडीचं पुढं काय झालं? मिस्त्रींनी तेल काढून योग्य तेल भरलं, गाडी थोडी फिरवली, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. थरथर गेली. पण चढावर एक बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो, तो राहिला तो राहिलाच. ते म्हणाले, “सर, चालेल. किती दिवस ते मात्र मी सांगू शकत नाही.” तेव्हापासून भरल्या गाडीनं घाट चढणं आम्ही सोडलं आहे. कासला जायचं झालं की जावईबापूंची गाडी.

सौ.नी गाडीच्या खणात एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तेलाचं पुस्तकातलं पूर्ण नाव, बदलल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर. गॅरेजमध्ये गाडी दिली की मी काही बोलत नाही. खण उघडून चिठ्ठीवर बोट ठेवतो. तुमच्या गाडीतही आज अशी एक चिठ्ठी चिकटवा.