जुन्या ट्रकची पुढची कमान

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात काढलेले पिकअप ट्रक तेथील शेतांवर धान्य व चारा वाहता वाहता जीर्ण झाले. आज हौशी कारागीर ते पुन्हा रस्त्यावर आणतात. रंगाने गाडी नवी दिसते. परंतु बसणाऱ्यांचा जीव पुढच्या सांध्यांवर अवलंबून असतो, हे आम्ही विसरता कामा नये.

या ट्रकच्या पुढील दोन चाकांमध्ये अखंड पोलादी ॲक्सल असून त्यावर पाट्यांच्या कमानी बसविलेल्या असतात. ॲक्सलच्या टोकाशी किंगपिन नावाची खीळ असते. तिच्याभोवती चाक वळते. तिचे बुश झिजले की चाक डगमगते.

परीक्षा सोपी आहे. चाक उचलून गाडी भक्कम टेकूंवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि शिरू नये. चाकाचे बेअरिंग ठीक असूनही वर-खाली धरून हलविताच ते डुलले, तर दोन्ही बाजूंचे किंगपिन व बुश बदलावेत. नवे बुश रीमरने पिनेच्या मापाचे करावे लागतात. तुटका पाटा काढावा, ग्रीस भरावे आणि थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

या ट्रकचे उत्पादन थांबले त्याच १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा कामकरी संत जोसेफचा सण नेमून दिला. कोणी न पाहिलेले सांधेही प्रामाणिकपणे जोडावेत, हाच त्या सणाचा बोध होय.