सुई वळवणारा कातळ

२२ डिसेंबर १५३८. वसईजवळ पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो होकायंत्राची सुई तपासत होता. जागा जराशी बदलली की सुईची दिशाही बदलायची. यंत्रात तर काही बिघाड नव्हता. मग त्याने नजर भोवतालच्या खडकांकडे वळवली आणि सुई तेच ओढत असणार, असं ठरवलं. चुंबकीय ‘स्थानिक आकर्षणा’ची ही फार जुनी नोंद. तिला शास्त्राचा दुजोरा मिळायला शतकं लागली.

कास्त्रो १५०० साली लिस्बनला जन्मला आणि पेद्रू नुनिश या गणितज्ञाकडे शिकला. लिस्बन ते गोवा या सफरीत त्याच्याजवळ गुरूने सुचवलेलं सावलीचं यंत्र होतं. सकाळी आणि दुपारनंतर सूर्य सारख्याच उंचीवर असताना पडलेल्या दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. तिच्यापासून सुई जेवढी ढळेल, तेवढा चुंबकीय दिक्पात. यावरून रेखांश काढता येतो, असं तेव्हा अनेक जण मानत. कास्त्रोच्या नोंदींनी ती समजूत खोडून काढली. लोखंडी तोफ जवळ असली तरी सुई चळते, हेही त्याने याच सफरीत टिपलं. पुढे तो पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झाला, १५४६ मध्ये दीवची लढाई जिंकला आणि १५४८ मध्ये गोव्यात वारला. इतिहासात तो त्या लढाईमुळे गाजतो; मला त्याचं मोठेपण या नोंदींमध्ये दिसतं.

वसईचा तो खडक आपल्याला परका नाही. नेरळजवळच्या कळंबहून पूर्वेला दिसणारी भीमाशंकरची रांग आणि नेरळच्या बाजूचा माथेरानचा डोंगर त्याच काळ्या बेसाल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. यातले बरेच थर साचले तेव्हा ते क्षेत्र आजच्या अगदी उलट होतं! वीज पडलेल्या माथ्यावरचा कातळ तर आणखी जोरदार चुंबक होतो. म्हणून डोंगरावर दिशा पाहताना होकायंत्र कातळावर टेकवू नये. हातात उंच धरावं, चार पावलं सरकून पुन्हा पाहावं.

सुईला विजेचाही अडथळा होतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला हलवण्यात आलं. तिथल्या वेधशाळेच्या बांधकामाला दगड आणला तो थेट पोरबंदरहून, कारण त्यात इथल्या कातळासारखं चुंबकत्व नव्हतं.